रिपोर्ट दिल्यावर पुढं काय होतं

गावातली बाई नवऱ्याच्या मारहाणीची रिपोर्ट द्यायला ठाण्याची पायरी चढते, तेव्हा तो मार सहसा पहिला नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशभरातल्या शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायांपैकी जेमतेम १४ टक्के बायांनी कुणाकडे मदत मागितली होती. ७७ टक्के बायांनी मदत तर सोडाच, कुणाजवळ शब्दही काढला नव्हता. मागणाऱ्यांतही बहुतेकींनी माहेरच्यांनाच सांगितलं. ठाणं, दवाखाना, वकील फार खाली येतात. म्हणून एखादी तिथवर पोचली की आजूबाजूच्यांना वाटतं, चला, सुटली बिचारी.

दमछाक मात्र तिथून सुरू होते. पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, कागद, प्रवास, लेकरांची शाळा, ‘मिटवून टाक’ म्हणणारी बैठक, आणि या सगळ्यात नवऱ्याची भीती तशीच. बाया केस सोडतात त्या बहुतेक याच काळात, आणि सोडण्याची कारणं आधी ओळखता येण्यासारखी असतात. ती ओळखता यावीत म्हणून हा लेख आहे: तिच्यासाठी, तसाच तिच्या भावासाठी, वहिनीसाठी, आशाताईसाठी आणि बचत गटातल्या मैत्रिणींसाठी.

ठाण्यात नेमकं काय लिहिलं गेलं

ठाण्यातून निघताना हातात कोणता कागद आहे, यावर पुढचं बरंच ठरतं. ‘नवऱ्यानं आज मारलं’ एवढंच सांगितलं तर साधी दुखापत धरून अदखलपात्र नोंद होते, तिलाच एनसी म्हणतात. एनसीवर न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. बाई समजते केस झाली. प्रत्यक्षात फक्त नोंदवहीत नोंद झालेली असते.

त्याऐवजी त्रास किती वर्षांपासून आहे, कशानं मारतो, कुठं लागलं, कधी टाके पडले, माहेरून पैसे आणायला लावले का, जिवाला धोका वाटतो का, हे सगळं सांगितलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ लागू शकतं. जुन्या ४९८-अ ची जागा १ जुलै २०२४ पासून या कलमानं घेतली. गुन्हा दखलपात्र आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. बयाण लिहून झाल्यावर वाचून दाखवायला सांगावं, चुकलं असेल तर सही करण्याआधी दुरुस्त करून घ्यावं. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यानं नोंदच घेतली नाही तर तोच मजकूर रजिस्टर्ड पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. पोस्टाची पावती जपून ठेवावी. मारहाण सासरी झाली म्हणून ‘तिकडच्या ठाण्यात जा’ असं सांगितलं जातं, ते मानू नये. माहेरी आसरा घेतलेल्या बाईला माहेरच्या हद्दीतही असा गुन्हा नोंदवता येतो, असं सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

दवाखान्यात जाणं राहून जातं, आणि ते पुढं फार नडतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्यावर ‘पडले’ सांगू नये. कुणी, कशानं, किती वाजता मारलं हे केसपेपरवर लिहायला लावावं. निळे व्रण चार-आठ दिवसांत फिके होतात. दोन वर्षांनी कोर्टात उलटतपासणी होते तेव्हा तो केसपेपरच बोलतो.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण इथं फार मोठा अपेक्षाभंग होतो. रिपोर्ट दिली की नवऱ्याला उचलतील, असं बाईला वाटत असतं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलं. म्हणून बहुतेक वेळा त्याला नोटीस मिळते, जबाब होतो आणि तो संध्याकाळी घरी येतो. चिडून येतो. रिपोर्ट दिलेली बाई त्या रात्री त्याच घरात असेल, तर तिला कुणी काही मदत केली असं म्हणता येत नाही.

धोका केव्हा वाढतो

बाई हातून निसटते आहे असं मारणाऱ्याला वाटू लागतं, तो काळ सगळ्यात वाईट. त्यानं पूर्वी गळा दाबला असेल, कुऱ्हाड किंवा विळा उगारला असेल, गरोदरपणात मारलं असेल, ‘तुला जाळतो आणि मीही मरतो’ म्हणत असेल, बसस्टॉपवर किंवा वावराच्या धुऱ्यावर पाळत ठेवत असेल, तर ‘त्याला तसं बोलायची सवयच आहे’ म्हणून सोडून देऊ नये. यातही गळा दाबणं ही सगळ्यात गंभीर खूण आहे. वरून काही दिसत नसलं तरी आवाज बसला, गिळायला त्रास झाला, डोळ्यांत रक्त उतरलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

अशा वेळी १८१ ही महिलांची हेल्पलाइन, आणि अंगावर धावून आला असेल तर ११२. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्र असतं. तिथं दवाखाना, पोलीस, वकील आणि समुपदेशन एका ठिकाणाहून जोडून देतात, आणि साधारण पाच दिवस राहता येतं. त्यापुढं राहायचं तर शक्ती सदन. आधी त्याला स्वाधार गृह म्हणत, आणि गावात अजून तेच नाव चालतं.

निघावं लागलं तर कागद असे: आधार (लेकरांचीही), बँकेचं पासबुक, रेशनकार्डाची झेरॉक्स, लग्नाचा फोटो किंवा पत्रिका, दवाखान्याचे कागद, लेकरांचे जन्माचे दाखले. एक झेरॉक्स संच शेजारणीकडे किंवा अंगणवाडीताईकडे आधीच ठेवलेला असावा, कारण मूळ कागद लपवणं किंवा चुलीत घालणं हे फार घडतं. मोबाइल नवऱ्यानं घेऊन दिला असेल तर त्याचं लोकेशन आणि व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या यंत्राला जोडलेलं आहे का, ते एखाद्या जाणत्या मुलीकडून तपासून घ्यावं.

कापसाच्या मुलखात आणखी एक काळजी. फवारणीचं औषध घरात कोपऱ्यात पडलेलं असतं. बाई माहेरी आली असेल आणि तिचं बोलणं निराशेचं असेल, तर भावानं ते त्याच दिवशी घराबाहेर हलवावं, कुलपात ठेवावं, आणि तिला थेट विचारावं की जीव नकोसा वाटतो का. विचारल्यानं तसा विचार मनात येत नाही. उलट बोलायला वाट मिळते. टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

दुसरा रस्ता: घरगुती हिंसाचाराचा कायदा

ठाण्यातली रिपोर्ट त्याला शिक्षा व्हावी यासाठी असते. बाईला रोजचं लागतं ते वेगळं: मार थांबणं, राहायला छप्पर, खायला पैसे, लेकरं जवळ. ते कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ यातून मिळतं. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. दोन्ही रस्ते एकाच वेळी चालता येतात. रिपोर्ट न देता फक्त हा अर्जही करता येतो, हे मात्र पुष्कळजणींना कुणी सांगतच नाही.

अर्ज तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे, कलम १२ खाली. बाई सध्या जिथं राहते तिथल्या कोर्टात चालतो, तात्पुरतं राहत असली तरी. लिहून घेण्याचं काम संरक्षण अधिकाऱ्याचं. महिला व बालविकास विभागाच्या कार्यालयात त्यांची चौकशी करावी. ते घरगुती घटना अहवाल भरतात: तारखांसह मारहाण, शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती, पैसे अडवणं, स्त्रीधन काढून घेणं. तारखा आठवत नाहीत म्हणून बाया अडखळतात. पंचांगातली तारीख लागतेच असं नाही. ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’, ‘सोयाबीन सोंगणीत’, ‘धाकटा पोटात होता तेव्हा’ असं सांगितलं तरी त्यावरून महिना काढता येतो. वकील फुकट मिळतो. विधी सेवा कायद्यात बाईला उत्पन्नाची अटच नाही. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते, आणि १५१०० हा फोन.

लग्नाची नोंद नाही, नुसते एकत्र राहिले, आदिवासी समाजात रीतीप्रमाणे घर मांडलं, तरी लग्नासारखं नातं होतं हे दाखवता आलं तर हा कायदा लागू होतो. धर्म-जातीची अट नाही. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून सून तिथं राहू शकत नाही, हेही आता सरसकट खरं नाही. २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं ते दुरुस्त केलं.

कायदा म्हणतो पहिली पेशी तीन दिवसांत, निकाल ६० दिवसांत. प्रत्यक्षात महिने लागतात, कधी वर्षंही. म्हणून मूळ अर्जासोबतच कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशाचा अर्ज आणि शपथपत्र द्यायला वकिलाला सांगावं. परिस्थिती तातडीची असेल तर समोरच्याची वाट न पाहता कोर्ट मारहाणबंदीचा आदेश देऊ शकतं. हा अर्ज राहिला की बाई वर्षभर फक्त पेशीला जात राहते, आणि हातात काही येत नाही.

पेशीचे दिवस

सिरोंच्यातून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर. तालुक्याचं कोर्ट जवळ असलं तरी एका पेशीमागं एक रोजी बुडते, आणि वेचणीच्या दिवसांत ती रोजी बुडणं फार महागात पडतं. एसटीत बायांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण काळी-पिवळीत पूर्ण पैसे. नवऱ्याकडचे लोक गैरहजर राहून तारखा वाढवतात ते याच हिशेबानं: बाई दमेल.

काय करता येतं? प्रत्येक केसला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो वकिलाकडून पहिल्याच दिवशी घ्यावा. ई-कोर्ट्सच्या मोफत अ‍ॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि मागच्या पेशीला काय झालं ते दिसतं, कुणाच्या तोंडाकडं पाहावं लागत नाही. जिथं बाईनं हजर राहण्याची गरज नाही ती पेशी वकिलानं सांभाळायची, हे आधीच ठरवून घ्यावं. पेशीला एकटं जाऊ नये. कोर्टाच्या व्हरांड्यात सासरचे पाच-सात जण आणि ही एकटी, हे दृश्य नेहमीचं आहे. बचत गटातल्या दोघी पाळीपाळीनं सोबत गेल्या तरी त्या व्हरांड्यात तिचं बळ बदलतं.

पोटगीचं गणित इथंच बिघडतं. कास्तकार नवरा लिहून देतो, ‘वावर पडीत आहे, उत्पन्न नाही’. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. त्याच्या शपथपत्राला उत्तर द्यायला कागद हवेत. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा कुणालाही पाहता येतो. त्यातल्या पिकांच्या नोंदीत, म्हणजे गाव नमुना बारामध्ये, यंदा किती क्षेत्रात कापूस, किती सोयाबीन लावलं ते असतं. मोटरसायकल, दूध डेअरीची पावती, ट्रॅक्टरचं भाडं, बाजार समितीतल्या विक्रीच्या पट्ट्या आठवतील तेवढ्या वकिलाला सांगाव्यात. कोर्टानं ठरवलेले पैसे नवऱ्यानं दिले नाहीत, तर त्याच्या पगारातला किंवा त्याला कुणाकडून यायच्या पैशांतला वाटा थेट बाईला द्यायला कोर्ट सांगू शकतं, ही तरतूद घरगुती हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम २० मध्येच आहे. वकील ती मागत नाहीत तोवर मिळत नाही.

‘मिटवून टाक’

सगळ्यात जास्त बाया इथं अडकतात. सोयरे येतात, पोलीस पाटील येतात, तंटामुक्तीचे अध्यक्ष येतात, बैठक बसते. बहुतेकांच्या मनात वाईट नसतं. घर मोडू नये एवढंच असतं. पण बैठकीत वीस माणसं आणि मधोमध बाई, समोर नवरा हात जोडतो, ‘आता नाही करणार’. तिथं तिला ‘नाही’ म्हणायची जागाच नसते. मग ‘समजोता’ होतो आणि ती नांदायला जाते. काही दिवस बरे जातात. पुढचा मार सहसा आधीच्याहून मोठा असतो, कारण आता त्यात ‘मला ठाण्यात नेलंस’ याचा सूडही असतो.

परत जायचंच असेल तर तो निर्णय तिचा, आणि त्याला कमी लेखू नये. लेकरं, पोट, आजारी सासू, जीव लावलेलं घर अशी कारणं असतात. पण विचारायचं ते तिला एकटीला, दुसऱ्या खोलीत, माहेरच्यांनाही बाहेर ठेवून. ‘तू परत गेलीस आणि त्यानं हात उचलला, तर कुणाला फोन करशील, कोणत्या दारातून निघशील?’ याला उत्तर नसेल तर अजून वेळ आलेली नाही.

अटी लेखी असाव्यात, पण साध्या स्टॅम्पवर नाही. कोर्टासमोर, नाहीतर संरक्षण अधिकाऱ्यासमोर. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याच्या २००६ च्या नियमांतल्या चौदाव्या नियमाप्रमाणे कोर्टानं लावलेल्या समुपदेशनात मारणाऱ्याला ‘तिनं उलट बोललं म्हणून मारलं’ असं समर्थन करायची मुभा नाही, आणि पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्याच्याकडून घ्यायची असते. ही गोष्ट बैठकीतल्या मंडळींनीही पाळली तर निम्मा अन्याय कमी होईल. ‘दारू सोडीन’ ही अट म्हणून पुरत नाही. दारू न पिताही मारणारे पुष्कळ आहेत. तपासता येईल असं लिहावं: तिचा मोबाइल तिच्याकडं, तिची रोजी तिच्या खात्यात, माहेरचं दर आठवड्याचं बोलणं अडवायचं नाही, संरक्षण अधिकारी अमुक तारखांना चौकशी करतील. आणि अर्ज लगेच काढून घेऊ नये. लांबची तारीख मागून केस जिवंत ठेवता येते का, हे वकिलाला विचारावं.

कोऱ्या कागदावर सही-अंगठा नाही. कधीच नाही. ‘फारकत’ म्हणून स्टॅम्पवर लिहून घेतात, ‘पोटगीचा हक्क नाही’ हेही त्यात घुसवतात. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न एरवी कोर्टाच्या हुकमानंच मोडतं. नोटरीच्या शिक्क्यानं नाही. आदिवासी समाजांना तो कायदा लागू नाही, तिथं समाजाची रीत पाहावी लागते. पण मारहाणीपासून संरक्षण तिथंही तेवढंच आहे.

माहेरचं घर आणि तिचे कागद

पहिला महिना भाऊ-वहिनी बरे असतात. तिसऱ्या महिन्यात तेलमिठावरून बोलणी सुरू होतात. हा कुणाचा स्वभावदोष नाही. कोरडवाहू शेतीच्या घरात तीन तोंडं वाढली की हेच होतं. म्हणून पैशांचं काम पहिल्याच महिन्यात हाती घ्यावं.

आधी बँक. खातं फक्त तिच्या नावाचं, आणि खात्याशी जोडलेला मोबाइल नंबर तिच्याच हातातला. लाडक्या बहिणीचे दीड हजार येत असतील, पण ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जात असेल, तर ते पैसे तिचे नाहीतच. नवीन खातं काढून बँकेला आधार सीडिंग, म्हणजे आधारची जोडणी, त्या खात्याला करायला सांगावं. संजय गांधी निराधार योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात. अत्याचारित आणि पोटगी न मिळणाऱ्या बाया त्यात बसू शकतात, वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असावं लागतं. पैसे एकाच योजनेचे मिळतील, दोन्हीचे नाही, हे धरून चालावं. अर्ज तहसीलमध्ये. सासरच्या रेशनकार्डातून नाव कमी करायला घरप्रमुख अडवतो. तेव्हा एफआयआर किंवा कोर्टातल्या अर्जाची प्रत जोडून तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी द्यावं आणि पोच घ्यावी.

शाळेच्या बाबतीत बायांना उगाच घाबरवलं जातं. ‘दाखला बाप देईल तेव्हा’ असं ऐकून लेकरं वर्षभर घरी बसतात. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम ५: आठवीपर्यंत दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. मुख्याध्यापकांना हे कलम नम्रपणे दाखवावं. शाळेत हेही सांगून ठेवावं की लेकरू आई किंवा मामाशिवाय कुणाच्या हाती द्यायचं नाही.

आदेश हातात आल्यावर

संरक्षण आदेशाची प्रत फुकट मिळते आणि ठाण्यालाही पाठवायची असते. पोचली का ते स्वतः जाऊन पाहावं. सही-शिक्क्याची एक प्रत पिशवीत, एक माहेरी. आदेश मोडून तो दारात आला तर घरगुती हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. ‘पुन्हा नवीन रिपोर्ट द्या, एनसी करू’ म्हटलं तर आदेशाचा कागद पुढं करावा. पैशांचा आदेश मोडला तर वाट वेगळी: वसुलीचा अर्ज. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालची पोटगी थकली तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या थकबाकीवर वॉरंट निघत नाही. ‘पुढच्या दिवाळीला देतो’ वर विसंबून हे वर्ष निघून जातं.

आणि समजा ती परत गेली, केस थांबली, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा माहेरच्या दारात उभी राहिली. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालच्या कलम १२ च्या अर्जाला मुदतीची आडकाठी नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलं आहे. कलम ८५ च्या रिपोर्टसाठी मात्र शेवटच्या त्रासापासून तीन वर्षं मोजली जातात. त्या दिवशी तिला ‘तेव्हाच सांगितलं होतं’ म्हणू नये. आधी जेवू घालावं, मग जुनी फाईल काढावी. केसपेपर, पहिला घटना अहवाल, समजोत्याचा कागद आणि त्यातली त्याची हमी, हे सगळं नव्या अर्जाला जोडायचं असतं.